सत्तावीस बाइट

दिवाळे कोळीवाड्यात, मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत
बर्फाच्या मशीनला पाठ टेकून बसलेय.
मांडीवर पंजाएवढा संगणक,
पडदा काळा, अक्षरं पांढरी.
काम एवढंच: ही डबी वायफायला जोडायची,
म्हणजे भिंतीवर भरतीची वेळ दिसेल, वाऱ्याचा वेग दिसेल.
अर्धा तास लागेल, म्हणाले होते
जुईनगरहून निघताना.

वायफायचं नाव आहे: वाऱ्यावर.
आधी गावाचं नाव द्यायचं होतं.
पण बत्तीस बाइटांची होडी ती,
आणि आपलं एकेक अक्षर तीन माणसांची जागा अडवतं,
काना वेगळा, वेलांटी वेगळी, दोघींचं तिकीट वेगळं.
‘दिवाळे कोळी’ एवढं चढलं,
वाडा किनाऱ्यावर राहिला.
मग निकेशनं हे नाव ठेवलं
आणि स्वतः बोटीवर नोकरीला गेला.

पासवर्ड धुरपदाबाईंचा. खजिनदार त्या.
इंग्रजी लिपीत पापलेट, पुढे चारशे पन्नास.
मधे रुपयाची खूण हवी होती,
राउटरनं रुपया घेतला नाही,
म्हणून डॉलर.

मी तो दुहेरी अवतरणात टाकला.
शेलला डॉलर दिसला की वाटतं, पुढे कुणाचं तरी नाव आहे.
डॉलर चार? म्हणजे चौथा कोण?
इथे तर पहिलाही नव्हता.
तिनं डॉलर गिळला, चार गिळला,
आणि मुकाट पुढे पाठवलं:
पापलेट पन्नास.
कुठे तक्रार नाही. आठ अक्षरं भरत होती,
नियमात बसत होती.

धुरपदाबाई खांद्यावरून वाकल्या.
“पन्नासला?
आगो, पन्नासला मी तुला बोंबील पन देनार नाय.”

एकेरी अवतरण घातलं.
एकेरी म्हणजे बंद मूठ,
आत जे आहे ते तसंच.
भाव जागेवर आला.

तरी जोडेना.
नाव सापडत नाही, म्हणे.
आणि नाव तर समोर, यादीत पहिलंच,
राउटरचा हिरवा दिवा डोक्यावर.
मी टाइप केलेलं वाऱ्यावर,
हवेतून आलेलं वाऱ्यावर,
एकाखाली एक ठेवून पाहिलं.
मात्रेचाही फरक नाही.
मशीननं तेवढ्यात बर्फाची एक लादी सोडली, धाडकन.

मग दोन्ही नावांची अक्षरं काढून टाकली
आणि खालचे आकडे मोजले.
माझे बाइट चोवीस.
त्याचे सत्तावीस.

तीन जास्त, आणि तेही ‘ऱ्या’त.
माझा र मुळातला वेगळा,
एकटा छापला तर खाली टिंब असलेला.
निकेशचा र साधा, पाय मोडलेला,
आणि त्याच्यापुढे
ई-दोन, आठ-शून्य, आठ-डी:
एक अक्षर, जे दिसत नाही.
रुंदी नाही, आवाज नाही.
ते नसतं तर र उडून
य च्या डोक्यावर रफार होऊन बसला असता.
त्याच्या फोनच्या कीबोर्डनं परस्पर घातलं असणार.
निकेशला पत्ताही नसेल.

मी मग नाव लिहिलंच नाही.
चोपन्न आकडे टाकले, अवतरणाशिवाय,
त्याचं न दिसणारं अक्षर जिथल्या तिथे ठेवून.
डबी लागली.

भिंतीवर आलं: वारा वायव्येचा, अकरा नॉट.
धुरपदाबाईंनी वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं,
होड्यांवरची फडकी पाहिली.
“यो मला हितनं पन दिसतो,” म्हणाल्या.
पण खुर्ची ओढून समोर बसल्या.

थोड्या वेळानं: “पासवर्ड बदल. सहाशे कर.”
डॉलर?
“ऱ्हाऊ दे.”
मूठ बंदच ठेवू?
“बंदच ठेव. गिऱ्हाईक लय हुशार झालंय.”

गिऱ्हाईक.
परत तोच र,
आणि बाईंनी तो किती सहज म्हटला.